मशीन निवडण्याचा उन्हाळा

एप्रिल लागला की आमच्या जळगावात दुपार सकाळीच सुरू होते. चहाचे कप विसळून होईस्तोवर अंगणातली फरशी चटके द्यायला लागते. कूलरच्या ओल्या गवताचा वास घरभर पसरतो. गच्चीवर जुन्या साडीवर ज्वारीचे पापड, आमचे बिबडे, वाळत पडतात आणि त्यांच्या कडा उन्हानं वर उचलल्या जातात. रस्त्यावरून कुणाची तरी वरात जाते, बँजोवाल्यांचे शर्ट घामानं पाठीला चिकटलेले असतात, तरी ते वाजवत असतात. लग्नसराई आणि ऊन, दोन्ही आमच्याकडे एकदमच येतात. कुणी कुणासाठी थांबत नाही.

यंदाही तसंच झालं. पत्रिका येऊ लागल्या. लग्नाला गेलं की बायका नवरीचा चेहरा बघतात, दागिने बघतात, केसांतला गजरा बघतात. माझी नजर आधी बाहीवर जाते. पांढऱ्या ब्लाउजच्या बाहीवर काय काढलंय, ते हाताचं आहे की मशीनचं, हे मी उधळायची फुलं हातात धरून बघत राहते. आणि मग टाळ्या वाजतात, फुलं उधळली जातात, आणि माझ्या मुठीतली तशीच राहतात.

ही खोड मला त्या एका उन्हाळ्यानं लावली. त्या उन्हाळ्यात मी आणि माझी नणंद, कमलअक्का, जळगाव आणि धुळ्याच्या मध्ये एसटीनं हिंडत होतो. आम्हाला एम्ब्रॉयडरीची मशीन घ्यायची होती.

अक्का माझ्या नवऱ्याची, मिलिंदची, मोठी बहीण. तिचं लग्न मुक्ताईनगरला झालं होतं. नवऱ्यानं दुसरं घर केलं तेव्हा ती कुणाशी भांडली नाही. पत्र्याची एक पेटी घेऊन माहेरी आली आणि पेटीतून आधी सुया-दोरे बाहेर काढले, कपडे नंतर. हे मला मिलिंदनं सांगितलं, मी तेव्हा या घरात नव्हते. मी आले तेव्हा अक्का मागच्या खोलीत खिडकीशी बसलेली असायची. मांडीवर लाकडी रिंग, रिंगेत ताणलेलं पांढरं कापड, आणि त्यात खाली-वर होणारा तिचा हात. तो हात इतका सावकाश चालायचा, की ती काम करतेय असं वाटायचंच नाही. तासाभरानं बघावं तर पान तयार.

आमच्या बौद्ध लग्नांत नवरी पांढरी साडी नेसते. पांढऱ्यावर पांढऱ्या दोऱ्यानं काम करायचं, ते उठूनही दिसलं पाहिजे आणि ओरडलंही नाही पाहिजे. अक्का पिंपळाची पानं काढायची. पानाच्या कडेला जरीचा एकच धागा. आणि प्रत्येक पानाचं टोक जरासं डावीकडे वळलेलं, बाजूनं वारा लागल्यासारखं. ती मुद्दाम तसं करायची की तिच्या हाताचाच तो कल होता, मी कधी विचारलं नाही. भुसावळ, अमळनेर, फैजपूर, कुठून कुठून बायका यायच्या. "जयभीम अक्का," म्हणत थेट मागच्या खोलीत शिरायच्या आणि सांगायच्या, "पोरीचं जमलं. अक्काचं पान पाहिजे बरं का बाहीवर." अक्काचं पान, असंच म्हणायचे सगळे. अक्का मान वर न करता विचारायची, "पोरगी कशी आहे? उंच आहे की बुटकी?" उंच मुलीच्या बाहीवर ती पानं मोठी काढायची.

अक्काचा आजार आम्हाला दिसायच्या आधी ऐकू आला. थंडीचे दिवस होते, अंगणात भरताची वांगी भाजायला कपाशीच्या वाळल्या काट्या पेटवल्या होत्या. अक्का चहा घेत होती आणि तिची कपबशी वाजत होती. हलकी, दात वाजावेत तशी. मिलिंद म्हणाला, "अक्का, थंडी वाजतेय का? शाल देऊ?" ती म्हणाली, "दे." शाल घेतली, तरी बशी वाजतच राहिली. दुसऱ्या दिवसापासून अक्का चहा स्टीलच्या पेल्यातून घ्यायला लागली. उजवा हात पदराखाली ठेवायला लागली. कामं तिनं नाकारली नाहीत, फक्त खोलीचं दार लोटून घ्यायला लागली. एकदा मी न विचारता आत गेले, तर तिनं उजवा हात डाव्या हातानं मांडीवर दाबून धरला होता, आणि रिंग जमिनीवर पडली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी रिंग उचलून तिच्या मांडीवर ठेवली.

जळगावच्या डॉक्टरांनी नीट तपासलं, चालून दाखवायला सांगितलं, बोटं मिटायला-उघडायला लावली. मग म्हणाले, "कंपवात आहे. गोळ्यांनी आराम पडेल. पण हा पूर्ण जाणारा आजार नाही, हे मी तुम्हाला आजच सांगतो." अक्कानं विचारलं, "वाढेल?" ते म्हणाले, "हळूहळू." मी तिच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं. रिक्षात बसलो. मला वाटलं, ती आता रडेल, आणि मी मनातल्या मनात शब्द जमवत होते. रिक्षा रेल्वेच्या पुलावर चढली तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे मशीन घ्यावी लागेल."

"कसली मशीन?"

"एम्ब्रॉयडरीची. हात नाही तर मशीन. तिचे हात तर थरथरणार नाहीत ना? वैशाली, आपण दोघी मिळून करू. तू चालव, मी सांगीन तसं."

मला सुईत दोरासुद्धा धड ओवता येत नव्हता. मी म्हटलं, "करू."

असा तो उन्हाळा सुरू झाला. आज मागे वळून बघते तेव्हा वाटतं, आम्ही मशीन शोधायला निघालो नव्हतोच. अक्काला तिचा हात कुठून तरी परत मिळवायचा होता, आणि तो दुकानांतून मिळत असेल तर ती तितकी दुकानं फिरायला तयार होती. पण तेव्हा मला असं काही सुचत नव्हतं. तेव्हा होता तो फक्त उत्साह. इतक्या वर्षांत अक्काला मी एवढं बोलताना ऐकलं नव्हतं.

जळगावच्या दुकानात नव्या मशिनी होत्या, पांढऱ्या, चकचकीत, छोटा टीव्ही बसवल्यासारख्या. एसीत बसून थंडगार वाटत होतं. दुकानातल्या मुलीनं कापड फ्रेमला लावलं, पडद्यावर गुलाब निवडला, बटण दाबलं आणि हात मागे घेतले. सुई स्वतःच धावायला लागली. आम्ही बघत असताना पाकळ्या भरल्या, देठ आला, पान आलं. अक्का इतकी पुढे वाकली होती, की तिचा श्वास मशीनवर पडत असेल.

"मावशी, काही शिकावं लागत नाही," मुलगी हसून म्हणाली. "कोणीही चालवू शकतं."

"कोणीही?"

"हो ना. माझा छोटा भाऊ पण चालवतो."

अक्कानं गुलाबावरून बोट फिरवलं. मग आम्ही माहितीपत्रक घेऊन बाहेर पडलो. बाहेरचं ऊन भट्टीच्या दारासारखं अंगावर आलं. रसवंतीवर बसल्यावर ती म्हणाली, "कोणीही चालवत असेल, तर मग माझ्याकडे कोण येईल?" उसाच्या रसाचा ग्लास तिनं दोन्ही हातांनी धरला होता. धंदा सुरू करायला निघालेल्या माणसानं विचारावा असाच प्रश्न होता तो, आणि दुकानांच्या एकाही पाटीवर त्याचं उत्तर लिहिलेलं नव्हतं.

मिलिंदचं म्हणणं सरळ होतं. छोटी, एका सुईची नवी मशीन घ्या, घरात मावेल, बिघडली तर दुकान इथंच आहे. पैशांचा प्रश्न नव्हता, अक्काची स्वतःची पुंजी होती. पण अक्काला कुणीतरी सांगितलं होतं, की धुळ्याला सुरतच्या कारखान्यांतून उतरलेल्या मोठ्या मशिनी मिळतात, अनेक सुयांच्या, वेगवेगळे रंग एकदम चालवणाऱ्या. "बघायला काय जातंय?" ती म्हणाली. मग आम्ही धुळ्याची एसटी पकडली.

त्या रस्त्याचं ऊन माझ्या अंगात अजून आहे. पाळधी गेलं, एरंडोल गेलं, दोन्ही बाजूंना काळी नांगरलेली रिकामी शेतं, त्यांवर थरथरणारी हवा. खिडकीची काच बंद केली तर कोंडायचं, उघडली तर गरम वाफ तोंडावर. पारोळ्याला बस थांबली की काकड्या विकणारे वर चढायचे. अक्का मीठ लावलेली काकडी खात म्हणायची, "मशीन मोठी असली तर आपण साड्यांचे काठसुद्धा करू. नुसत्या बाह्या कशाला?" आणि थोड्या वेळानं, "दुकानाला नाव काय देऊ गं?"

धुळ्याचा मशीनवाला म्हातारा होता. सगळे त्याला नाना म्हणत. हायवेजवळ त्याचं पत्र्याचं गोदाम होतं, आत तेलाचा वास आणि धूळ खात उभ्या असलेल्या लांबलचक मशिनी, गोठ्यातल्या म्हशींसारख्या ओळीनं. नानानं आम्हाला पंख्याखाली बसवलं. "आठे बसा ताई. पयले पानी प्या, मंग मशीन दखा."

मग त्यानं एक मशीन चालू करून दाखवली. सगळं गोदाम हादरायला लागलं. साऱ्या सुया एकदम खाली यायच्या, एकदम वर जायच्या. अक्काचा चेहरा असा फुलला होता, की मी मशीन सोडून तिच्याकडेच बघत राहिले.

"हाई मशीन सुरतहून उनी शे," नाना आवाज चढवून म्हणाला. "बठ्ठ्या सुया चालतस. पन हाई एकटा मानूसनं काम नही. फ्रेम जड शे. हातमा ताकद जोयजे."

"आहे ताकद," अक्का म्हणाली आणि फ्रेम उचलायला पुढे झाली. तिनं ती उचललीही. पण उजवा हात थरथरायला लागला तसा फ्रेमचा पत्रा खडखड वाजू लागला. नानानं झटकन मशीन बंद केली. त्या एकदम पडलेल्या शांततेत तो पत्रा वाजत राहिला. नानानं पुढे होऊन तिच्या हातातून फ्रेम अलगद काढून घेतली.

"हातले काय व्हयनं ताई?"

"काही नाही. उष्णता आहे."

नाना तिच्या हाताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मना मोठा भाऊले बी हाईच व्हतं." त्यानं फ्रेम जागेवर लावली, फडक्यानं हात पुसले आणि सांगून टाकलं, "मी तुमले हाई मशीन इकाव नही. राग मानू नका."

बाहेर आल्यावर अक्का संतापली होती. "विकायला बसलाय आणि विकत नाही म्हणे! मला काय भीक मागायची होती?" स्टँडपर्यंत ती बडबडत होती. बसमध्ये खिडकीशी बसली, डोळे मिटले आणि मुकटी गाव यायच्या आत झोपली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तिचा उजवा हात मांडीवर अगदी शांत पडला होता. इतके दिवस पदराखाली, पिशवीखाली, दुसऱ्या हाताखाली लपलेला तो हात उघडा, पालथा, निवांत होता. डॉक्टर म्हणाले होते, की झोपेत हा कंप थांबतो. पण ऐकणं वेगळं. ती सुईची बोटं पुन्हा पूर्वीसारखी दिसत होती. बस खड्ड्यांतून आदळत होती, बाळं रडत होती, कंडक्टर ओरडत होता, आणि मी मनात म्हणत होते, कुणी उठवू नका हिला. एरंडोलच्या स्टँडवर बस थांबली, अक्कानं डोळे उघडले, आणि हातानं लगेच आपलं काम सुरू केलं.

नंतरही आम्ही धुळ्याला गेलो. अक्काला राहवलं नाही. मला वाटलं होतं, ती नानाशी भांडायला निघालीय. पण ती स्टुलावर बसून म्हणाली, "ती विकू नका. जी विकणार असाल ती दाखवा." आणि त्या म्हाताऱ्यानं तिला गोदामातली एकूण एक मशीन दाखवली. कुठली कशाला बरी, कुठलीचा धागा तुटतो, कुठलीचं सामान मिळत नाही. तो सांगत होता आणि अक्का पाहुणीसारखी नव्हे, धंदेवाल्यासारखी प्रश्न विचारत होती. शेवटी त्यानं स्वतःच सांगितलं, की तुम्ही जळगावची छोटीच घ्या, हातानं फार काही उचलावं लागत नाही. तिनं त्याचं ऐकलं. जे मिलिंद पहिल्या दिवशी म्हणाला होता तेच, पण तिला ते मशिनींच्या माणसाकडून ऐकायचं होतं.

त्या दिवसांतल्या संध्याकाळी मला सगळ्यात जास्त आठवतात. ऊन उतरलं की आम्ही गच्चीवर पाणी मारायचो, तापलेल्या सिमेंटमधून वाफ निघायची. वाळलेले बिबडे डब्यात भरता भरता मशीनच्या गप्पा. मागच्या खोलीत अक्कानं वर्तमानपत्राचा कागद मशीनच्या मापाचा कापून जमिनीवर ठेवला होता आणि रोज तो इकडचा तिकडे सरकवत होती. खिडकीशी ठेवू, नको, धूळ येईल. भिंतीशी ठेवू, पण मग उजेड? मी म्हणायचे, उजेड मशीनला कशाला पाहिजे? ती म्हणायची, मला पाहिजे. मिलिंद जाता-येता त्या कागदाला वळसा घालून जायचा. मशीन अजून आलीच नव्हती, आणि घरात तिला जागा होती.

आता कळतं, आमच्या त्या धंद्याचे खरे दिवस तेच होते. जोवर निवडत होतो तोवर सगळं शक्य होतं. एक सुई की अनेक, जुनी की नवी, जळगाव की धुळं, प्रत्येक प्रश्नात पुढचं वर्ष गृहीत धरलेलं होतं, त्याच्या पुढचंही. माणूस मशीन निवडतो तेव्हा आपण ती चालवायला असणार आहोत, हे तो न बोलता ठरवूनच टाकतो. आजार मात्र कुणासाठी थांबला नव्हता. गोळीचा असर रोज थोडा लवकर उतरत होता. अक्काची सही बारीक होत चालली होती, मुंग्यांच्या रांगेसारखी. पोलक्याची बटणं लावायला ती मला हाक मारू लागली होती. आम्ही दोघीही ते बघत होतो आणि बोलत होतो फक्त फ्रेमच्या मापाबद्दल.

मशीन ठरली. आता तिच्यात अक्काचं पान घालायचं होतं. त्याला पंचिंग म्हणतात. चित्राचे टाके कॉम्प्युटरवर बसवायचे, मग ते पेन ड्राइव्हमधून मशीनमध्ये जातं. पंचिंग करणारा माणूस म्हणाला, पान कागदावर काढून द्या. अक्कानं पेन्सिल घेतली. गोळी घेतल्यावर हात जरा शांत असायचा, त्या वेळात ती बसली. कागदावर उमटलं ते पान नव्हतं, उन्हात सुकून मुडपलेलं काहीतरी होतं. तिनं कागद चुरगळला. पुन्हा बसली, पुन्हा चुरगळला. शेवटी मी तिनंच पूर्वी भरलेल्या एका ब्लाउजवर पातळ कागद ठेवून पान गिरवलं. माझ्या त्या कामाकडे ती मान तिरकी करून बघत होती, दुसऱ्याच्या ताटातलं बघावं तसं.

पंचिंगवाल्यानं ते पडद्यावर मोठं करून दाखवलं. चांगला माणूस होता. अक्काला स्वतःची खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, "मावशी, टोक जरा वाकडं आलं होतं तुमचं. मी सरळ करून टाकलं. आता एकदम बरोबर आहे, बघा."

पडद्यावर पान होतं. दोन्ही बाजू सारख्या, टोक सरळ वर. मी तोंड उघडलं, म्हणणार होते, की ते वाकडंच हवंय, त्यालाच तर अक्काचं पान म्हणतात. पण अक्कानं माझ्या हातावर हात ठेवला. तो माझ्या हातावर थरथरत राहिला.

"असू दे," ती म्हणाली. "छान आहे."

घरी येताना मी विचारलं, "का नाही सांगितलं त्याला?"

"काय सांगू? मला आता काढून दाखवता येत नाही. जे दाखवता येत नाही त्याच्यावर भांडायचं कसं?"

मशीन आली तेव्हा लग्नसराई संपत आली होती. मशीनला फूल वाहिलं, शेजाऱ्यांना पेढे दिले. पहिलं काम शेजारच्याच मुलीचं, पांढरं ब्लाउज. मी कापड फ्रेमला लावलं. अक्का शेजारी खुर्चीवर. बटण दाबलं आणि ती सरळ टोकाची पानं एकामागून एक उमटायला लागली. वीज कमी-जास्त झाली, मशीन थांबली, धागा तुटला. अक्का सवयीनं दोरा ओवायला पुढे झाली. दोऱ्याचं टोक सुईच्या आजूबाजूला फिरत राहिलं. बराच वेळ. मी काही केलं नाही, करायला हवं होतं की नको, मला कळेना. मग तिनंच दोरा माझ्या हातात दिला.

मुलीच्या आईनं ब्लाउज उजेडात धरून पाहिलं. "सुंदर झालंय अक्का," ती म्हणाली. मनापासून म्हणाली. मग घडी घालता घालता, काहीच मनात न ठेवता, "असंच बाजारातल्या तयार ब्लाउजवर पण असतं नाही?"

"असतं," अक्का म्हणाली.

त्यानंतर ती मशीनच्या खोलीत फारशी आली नाही. मी कामं करत राहिले. क्लासच्या मुलांच्या टी-शर्टांवर नावं, शाळेच्या खिशांवर बिल्ले. पण बाजारात तशा मशिनी वाढत गेल्या. त्यांच्याकडे काम त्याच दिवशी मिळायचं, माझ्याकडे दोन दिवसांनी. नवऱ्या मुलींच्या आया येईनाशा झाल्या. येतील कशाला? त्या अक्काच्या पानासाठी यायच्या, आणि ते पान आता कुठंच मिळत नव्हतं. पुढच्या एप्रिलात काही कामं आली, त्याच्या पुढच्या एप्रिलात त्याहून कमी. मग मशीनवर चादर पडली. अक्काही एकदा न्हाणीघरात पडली, आणि उठून बसली ती पूर्वीची अक्का नव्हती. चालणं गेलं. चेहऱ्यावरचं हसू गेलं, म्हणजे ती हसत असेल आत, चेहरा हलायचा नाही. आवाज बारीक होत होत इतका बारीक झाला, की कान तिच्या तोंडाशी न्यावा लागतो.

यंदा तिची खाट न्हाणीघराजवळ हलवायचं ठरलं. तिथली एकच खोली होती, मशीनची. मिलिंदनं आठवडाभर विषय काढला नाही, मग एक दिवस म्हणाला, "वैशाली, आता ठेवून काय करणार?" मी हो म्हटलं. साक्रीकडच्या एका बाईनं मशीन घेतली. नवरा-बायको दोघं टेम्पो घेऊन आले. ती माझ्यापेक्षा पुष्कळ लहान होती, मशीनवरची चादर काढताना तिचे डोळे चमकत होते. तिनं मला विचारलं, "ताई, चांगली चालते ना? हिच्यावर धंदा होतो ना?" बाहेर कुणाच्या तरी लग्नाचा बँजो वाजत होता. मी म्हटलं, "मशीन चांगली आहे." तेवढं खरं होतं.

त्यांनी मशीन उचलली, टेम्पोत चढवली, दोरीनं बांधली. अक्काच्या खाटेवरून दाराबाहेरचं ते सगळं दिसत होतं. मी आत आले तेव्हा तिचे ओठ हलत होते. मी वाकले, कान जवळ नेला.

"बरं झालं," ती म्हणाली. मध्ये थांबून, श्वास घेऊन, "ती नकोच होती. दुसरी बघू."

ती कुठल्या वर्षात होती, मला माहीत नाही. की सगळं नीट कळत असूनच म्हणत होती? मी म्हटलं, "बघू अक्का. तुला पाहिजे तशी बघू."

"कधी जायचं?"

दारातून गरम वारा आत येत होता. टेम्पो सुरू झाला, वळला, गेला. मी तिच्या अंगावरची चादर सारखी केली.

"ऊन उतरलं की जाऊ," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. की ती नुसतीच थरथरली, मला कळलं नाही.